काकांनी विझवलेली लायटिंग

अरे, यंदा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणपतीला काय झालं ऐक. तळमजल्यावरचे कदमकाका एकाहत्तरच्या युद्धात नेव्हीच्या विनाशिकेवर होते, म्हणून आम्ही देखाव्याला पुठ्ठ्याची तीच युद्धनौका केलेली. तोफांवरसुद्धा लायटिंग!

काका आले, बघितलं आणि सरळ बटण बंद केलं.

"अहो काका, दिसणार कसं?"

"लढाईत जहाज दिसलं की संपलं रे. डेकवर काडी ओढायची बंदी होती."

मग वाकून त्यांनी जहाजाच्या पार तळाशी एकच बल्ब लावला.

मी विचारलं, "आणि हा?"

"ही बॉयलर रूम. माझी ड्युटी इथे असायची. हा मात्र विझवू नका, खाली पोरं आहेत."