दाराचा टेकू

मलकापूरच्या फलाटावर बसलेल्या तानुबाईनं काही मुद्दाम कान दिला नव्हता. पण शेजारचा म्हातारा खाकीतल्या जवानाला विचारत होता, ते ऐकू येतच होतं.

"उडतं इमान पडून पेटलं, तवा दार उघडलं नाही काय, उद्धव?"

"उघडलं, काका. पन छताचं दार ते, सोडलं का धाडकन खाली ये. उघडं ठेवनारा टेकूच मोडला होता."

"दान्याच्या पेवाच्या झाकनाले बी आमी धड टेकू लावतो बे! मंग?"

"तुमच्या कडूबानं खांद्यावर धरलं. आमी तिघं निंघालो."

"अन् माह्या पोरासाठी कोनं धरलं?"



गाडी आली. म्हाताऱ्यानं डब्याचं दार उघडलं आणि त्याला खांदा लावून उभा राहिला.

"चढ बापा. मी धरून राह्यलो ना."

तानुबाईला त्याच डब्यात जायचं होतं. ती दुसऱ्या दारानं चढली.