गुहेत झोपलेले चौघे

क्रिकेटला अकरा जण जमत नाहीत म्हणून तुम्ही रडता ना, मग माझं ऐका. दर रविवारी माझ्या घरी आम्हा पाच मित्रांचा फासे टाकून लढायचा खेळ असतो. त्यात गोष्ट मी सांगतो, राक्षसही मीच होतो आणि बाकीचे चौघे वीर होतात. त्यात मी एक नियम केला होता. जो रविवारी येणार नाही, त्याचा वीर गुहेत झोपून राहील. बिचारा समोर नसताना त्याला मारायचं कसं, म्हणून.

पहिला झोपला महूचा पराग. मग बाकीच्यांच्या लक्षात आलं की झोपलेल्याला राक्षस हातच लावत नाही. झालं! दर रविवारी एकेक जण आडवा व्हायला लागला.

काल शेवटची लढाई होती. सगळ्यांनी ग्रुपवर ‘पक्का’ लिहिलं होतं. आईने कढईभर पोहे केले, वर सेव, जिरावणचा चटपटीत मसाला. कोणी आलंच नाही.

आई म्हणाली, “अरे, फोन तर लाव कोणाला.”

परागला लावला.

“सॉरी भिया, सासरचे आलेत. माझा वाला मेला तर नाही ना?”

“नाही. झोपलाय.”

“बढिया! बाकीच्यांना सांग यार, त्याला जरा सांभाळा.”

“बाकीचेही झोपलेत.”

“अरे! मग तिथे जागं कोण आहे?”

“राक्षस,” मी म्हटलं. “पाच जणांचे पोहे एकटा खातोय.”