सातव्या मजल्यावरची बरणी

...खोली लहान होती म्हणून मी भांडले असं जे सांगत सुटलेत ना, ते खोटं आहे, तुम्हाला सांगते. मोरिओका स्टेशनसमोरचं ते बिझनेस हॉटेल, तिथं बॅग उघडायची तर आपण पलंगावर चढायचं, न्हाणीघर म्हणजे प्लास्टिकचा डबा, शिंकलं की कपाळ आरशावर, ते सगळं मी चालवून घेतलं. माझं भांडण बरणीचं. कोंड्याची बरणी, सासूबाईंच्या सासूपासूनची. भाताचा कोंडा न् मीठ, आत काकडी पुरली की दुसऱ्या दिवशी लोणचं. पण कोंडा जिवंत असतो, ऑगस्टात दिवसातनं दोनदा तळापासून ढवळला नाही तर सडला म्हणून समजा. हात तर घालावाच लागतो.

एकतीस वर्षं मी घालतेय. आणि एकतीस वर्षं सासूबाई फोड चावून म्हणतात, "हात बसला नाही तुझा अजून."

आता विचाराल, बरणी घेऊन हॉटेलात कोण जातं? मी जाते. सासूबाई तिथल्या मोठ्या इस्पितळात, वय अठ्ठ्याऐंशी, खुब्याचं हाड बसवलंय, आणि चार दिवस पेजेला तोंड लावेनात. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर उठणार नाहीत. आणि या म्हणतात काय... "घरची काकडी असली तर बघू." बघू म्हणे. बारा किलोची बरणी फडक्यात बांधली, मांडीवर घेतली न् गाडीत बसले. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला. जाईना का.

अकराला पोचले. मॅनेजर कुमागाई, असा वाकून बोलतो की निम्मं त्याच्या बुटांनाच ऐकू जातं. "बाईसाहेब, खोली तीनला मिळते."

म्हटलं, "मी थांबेन, कोंडा थांबणार नाही." आणि तिथंच, लॉबीतल्या सोफ्यावर, झाकण काढलं न् बाही सरसावली. हात तर घालावाच लागतो ना? पाच मिनिटांत किल्ली हातात.

त्या दुपारी माझ्या हातची काकडी नेली. सासूबाईंनी चाटली, परत ठेवली. "खारट." पेज गार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर कुमागाई, श्वास रोखून. "बाईसाहेब, वासाची तक्रार आहे... सातव्या मजल्यावरून..."

"कुणाची?"

"मजल्याची."

"मग मजल्याला दुसरीकडे खोली द्या."

"बाईसाहेब, नियम आहे हो."

"तुमच्या नियमाला सासू आहे का?"

वाकला, सरळ झाला, परत वाकला. मी दारात उभी, कोपरापर्यंत कोंडा, हलेना. शेवटी म्हणाला, खाली न्याहारीचा स्वयंपाक ओनोदेरा बाई बघतात, त्यांच्याकडे ठेवा, त्या ढवळतील. परक्या बाईचा हात, आमच्या बरणीत? पण दिवसभर मी इस्पितळात, इकडे कोंडा उकाड्यात... दिली. ओनोदेरा बाई सत्तरीच्या. बरणीत डोकावल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नखं कापता ना?"

"माझी कशाला? हात तुम्ही घालणार."

"आतापर्यंत तुम्ही घातलात, म्हणून विचारलं."

गिळलं मी ते. काकडी हवी होती.

दोन दिवसांनी काकडी नेली. सासूबाईंनी फोड चावली. थांबल्या. डोळे मिटले. मग चमचा मागितला, वाडगाभर पेज संपवली, वर नर्ससमोर माझा हात धरला. हात, तुम्हाला सांगते, लग्नात नव्हता धरला. म्हणाल्या, "एकतीस वर्षं लागली सूनबाई, पण बसला तुझा हात."

आता काय बोलू? खरं सांगितलं तर पेज बंद. तोंड शिवून घेतलं न् हॉटेलात येऊन खोली आठ दिवस वाढवली. कुमागाईला वाटतंय, मी त्याला छळायला राहिलेय. वाटू दे. रोज सकाळी खाली जाते, नखं दाखवते, ओनोदेरा बाईंशेजारी उभी राहते न् त्या कशा ढवळतात ते बघते. सासूबाई परवा चार पावलं चालल्या... हात तर घालावाच लागतो हो. कुणाचा, ते तेवढं आमच्या घरी बोलू नका.