लडकी लोग खलास

मला पहिला संशय त्या काठीमुळे आला. दुबईजवळच्या अल ऐनला समुद्र नाही, आणि ताईची मुलगी मिठी मात्र मासे पकडायची असावी तशी जाळी लावलेली काठी घेऊन रोज शाळेत जायची. विचारलं तर म्हणे, "मावशी, इट्स लॅक्रॉस."

मी नागपूरहून नुकतीच आलेली. म्हटलं, "ताई, असा खेळ खरंच असतो का गं? पोरगी नक्की जाते कुठे?"

"शाळेत नवीन क्लब निघालाय. तुला ना, दूधवाल्याचाही संशय येतो."

सीझनची शेवटची मॅच दुबईला होती. संध्याकाळ झाली तरी मिठी आली नाही. तिचा फोन लागेना, ताई ड्यूटीवर. दाराची बेल वाजत राहिली, पण परक्या गावात एकटी असताना मी दार उघडत नाही; मी शाळेच्या बसवाल्याला फोन लावत सुटले. शेवटी त्याने उचलला.

"भैया, लॅक्रॉसवाली लडकियाँ किधर हैं?"

"लडकी लोग? खलास, मॅडम."

आमच्या नागपुरात माणूस मेला की खलास होतो.

तो पुढे म्हणाला, "सबको घर छोड दिया. आपका बच्ची मेरे साथ आपके दरवाजे पे खडा है. बोलता है, कितना भी बेल मारो, मावशी डर के खोलता नहीं."