दोरी श्वेताच्या हातात

चढायचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं, हे आधीच सांगते. नवऱ्याला ट्रेकचे बूट घ्यायचे म्हणून शांती नगरजवळच्या त्या दुकानात गेलो होतो. आत चढायची भिंत आहे, पार छतापर्यंत. आणि बूट निवडायला सोबत कोण? ह्याच्या ऑफिसातली श्वेता! सहा महिने घरात तेच ऐकतेय, श्वेता गड चढते, श्वेता पहाटे धावते. तिथेही ती खारीसारखी सरसर वर जाऊन आली आणि हा खाली उभा राहून टाळ्या वाजवतोय.

म्हटलं, "मलाही चढायचंय."

"अगं, तुझा गुडघा..."

"गुडघा माझा आहे ना?"

दुकानातल्या माणसाने कमरेला पट्टे बांधून दोरी अडकवली. रागाच्या भरात मी थेट टोकाला पोचले. मग खाली बघितलं आणि भिंतीवरचे खुंटे दोन्ही हातांनी गच्च धरले.

"मॅडम, हाथ छोड़ दो, रस्सी पकड़ी है!" तो माणूस ओरडला.

"किसने पकड़ी है?"

"मी धरलीये, वहिनी!" श्वेता.

मेले तरी हात सोडणार नव्हते. नवऱ्यावर ओरडले, "तू धर ना!"

"मला कुठे येतं? तिला येतं."

पंधरा मिनिटं पालीसारखी चिकटून होते. शेवटी बोटंच सुटली आणि तिने मला अलगद खाली उतरवलं.

रिक्षात बसल्यावर वाटलं, आता तरी कौतुक करेल, अख्खी भिंत चढले मी. तर हा म्हणतो, "श्वेताचा पेशन्स बघितलास? पंधरा मिनिटं तुझी दोरी धरून उभी होती, एकदा तरी कुरकुरली?"