पंख्यासमोर सिस्टरांना डुलकी

हॅलो?… हो ताई, मीच. हळू बोलतेय, म्हणून आवाज ओळखू येत नाहीये… नाही गं, घसा ठीक आहे! चाचणीच्या खोलीच्या दारात उभी आहे. आत सिस्टर झोपल्यात.

कोण म्हणजे? हॉस्पिटलच्या. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या… हो, हो, त्याच! माझे दोन पंखे परत पाठवले होते ना त्यांनी? 'बाळं दचकतात, घेऊन जा ही शिट्टी'…

अगं ऐक ना! आज शेवटची संधी होती. साहेबांनी बजावलंच होतं, या वेळी नापास झाला तर हा पंखा कायमचा बासनात.

काय बदललं? पाती. म्हणजे, आहेत सातच. पण सारख्या अंतरावर नाहीत आता. कुठे जवळ, कुठे लांब… मुद्दाम! अगं, आपली शाळेतली कवायत आठव. सगळ्यांचे पाय एकदम पडायचे, धाड, धाड, धाड. आणि शाळा सुटल्यावर? पाय तेवढेच, पण ताल नाही… हां, बरोब्बर! मोटर धरायला मागे दांड्या असतात. त्यांच्यावरून प्रत्येक पातं ठरलेल्या ठेक्यात जायचं, म्हणून ती शिट्टी. मी ठेकाच मोडला.

सोपं?… तुझं बरं आहे! अंतर कमीजास्त केलं की तोल जातो. पहिल्या खेपेला पंखा टेबलावरून चालत निघाला होता! साहेब चहाचा कप घेऊन भिंतीला चिकटले… हसू नकोस गं, मलाही हसू येतं. चार महिने गेले. चिमूटभर वजन इकडे, चिमूटभर तिकडे…

हो, सांगते ना! सिस्टर ड्यूटी संपवून थेट आल्या. तोंड हे एवढं. 'लावा लवकर, घरी जायचंय मला.' म्हटलं, दहा मिनिटं बसा. बटण दाबलं, वळून बघते तर मान छातीवर!… शप्पथ! कपाळावरच्या बटा वाऱ्याने उडतायत आणि बाई खुशाल घोरतायत. ताई, आवाज मोजायच्या यंत्रावर पंख्यापेक्षा त्यांच्या घोरण्याचा आकडा मोठा येतोय!

उठवू? माझी काय बिशाद! साहेबसुद्धा बूट काढून चवड्यांवर उभे आहेत इथे…

थांब, थांब. उठल्या… ताई! त्या विचारतायत, 'झाली का तयारी? लावा ना आता!' अगं, चालूच आहे तो!… नाही, हसत नाहीये. डोळ्यांत पाणी आलंय… हो, सांगितलं त्यांना. जाळीपुढे हात धरून बघतायत…

काय?… काय म्हणाल्या?… 'हा आजच वॉर्डात लावायचा'! ऐकलंस, ताई? आजच!… अगं बाई, यांनी तर पंखा खोलायला पानाच उचलला! अहो सिस्टर, थांबा! अहो, आधी बंद तर करू द्या! ताई, ठेवते गं, ठेवते!