डावी बाजू

पोहण्याच्या कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमबाहेर मी रांगेत उभी होते. पडद्याआड थोरली बहीण होती, बाहेर धाकटी. दोघीही साठीच्या पुढच्या.

“ताई, काळा घातलास का? काळ्यात माणूस बारीक दिसतं.”

“बारीक दिसून काय करू? डावी बाजू सपाट दिसते.”

“ऑपरेशनला दोन वर्षं झाली. तलावावर तुझ्या छातीकडे कोण बघत बसलंय?”

“मी बघते. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, नजर आधी तिथेच जाते. म्हणून तर पाण्यात उतरले नाही.”

“मग हा झालरीचा घे. त्यात सगळं झाकलं जातं.”

“झालर पाण्यात फुगून तोंडावर येईल, बाई.”

“तुझ्या पसंतीला उतरेल असं काही इथे नाही. चल घरी.”

“थांब जरा, तो निळा दे. गळा बंद आहे, आणि काखेत कापड सैल सोडलंय. शिवणाऱ्याला अक्कल आहे.”

“घातलास? आता आरशात बघ.”

“आरशासमोर नुसतं उभं राहून काय कळतं? मी गिऱ्हाइकांना आधी हात हलवायला लावायचे.”

पडद्याच्या वर थोरलीचा डावा हात आला, मागे गेला, पुन्हा आला.

“ताई, अगं, पुरता वर जातोय की हात.”

“जातोय खरा. कुठे काचत नाही.”

“आणि डावी बाजू?”

“ती बघायची राहिलीच. सोमवारची बॅच किती वाजता असते गं?”